टाकी दिसत नव्हती

१

कार्तिक लागला की माझा दिवस पहाटेच्या अंघोळीने सुरू होतो. तुळशीपुढे रांगोळी, तुपाची वात, पोथीचा एक अध्याय, मग चहा. दोन हजार सहाच्या त्या कार्तिकात चहाच्या आधी आणखी एक काम असे. अंगणात उभं राहून टाकीकडे पाहायचं.

"ममता, टाकी दिसून राह्यली का?" केबिनमधून ह्यांची हाक येई.

"दिसते. शिडीसुद्धा दिसते."

"आन् देऊळ?"

"देऊळ नाही. तिकडे धूर आहे."

टाकी दिसली की विमान उतरू शकतं. देऊळही दिसलं तर बिनघोर उतरू शकतं. टाकी आमच्या क्वार्टरच्या मागे, सिमेंटच्या खांबांवर उभी, आणि देऊळ तिच्याही पलीकडे तांड्यावर. केबिनच्या खिडकीतून धावपट्टी दिसायची, पण मागची बाजू दिसत नसे. हे म्हणत, "वैमानिकाचे खालचे डोळे मी, आन् माझे मागचे डोळे तू."

हे, म्हणजे इंद्रजीत राठोड, हवाई दलात रेडिओवर होते. निवृत्तीनंतर उमरखेड तालुक्यातल्या माळावरच्या एका जुन्या धावपट्टीवर त्यांना नेमलं. आम्ही आलो तेव्हा तिच्यावर बकऱ्या चरत होत्या. पण त्या वर्षांत कापसाने जिल्ह्याची रया घालवली होती. कर्जापायी शेतकरी जीव देत होते, आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येई, आणि ते वाचून लांबलांबच्या मोठ्या माणसांची पथकं पाहणीला येत. सकाळी लहान विमानाने यायची, गाड्यांतून दोन गावं फिरायची, उजेड असेपर्यंत परत जायची. त्यांच्यासाठी धावपट्टी झाडून काढली, केबिनला पत्रे घातले, रेडिओ बसवला. दिवे मात्र बसवले नाहीत. रात्री इथे कुणी उतरणार नव्हतं.

२

आमचा पूनमसिंग त्याच साली एका विमान कंपनीत दुसऱ्या खुर्चीवर लागला. दुसरी खुर्ची म्हणजे कॅप्टनच्या शेजारची. ही पथकं घेऊन येणाऱ्या विमानांत त्याच्या कंपनीचंही विमान होतं. आज ना उद्या तो बापाच्या धावपट्टीवर उतरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

मी मनात नवस बोलले आणि अंगणात आकाशदिवा बांधला. हे व्रत आमच्या तांड्यातलं नव्हे. ह्यांच्या बदलीच्या दिवसांत शेजारच्या एका बाईंकडून मी ते घेतलं होतं. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उंच काठीवर दिवा लावायचा. जे दूर गेले त्यांना घरची वाट दिसावी म्हणून, असं त्या बाई सांगत. मी पूनमसाठी बोलले होते म्हणून अखंड ठेवला. दिवस असो की रात्र, विझू द्यायचा नाही.

काठीच्या टोकाला कप्पी हवी होती. ती अब्दुल गनीभाईंनी जीपच्या भंगारातून काढून दिली. गनीभाई ढाणकीचे मेकॅनिक. विमान यायचं असलं की आग विझवायची जीप घेऊन धावपट्टीच्या कडेला उभं राहणं त्यांचं काम. काठीकडे पाहून म्हणाले, "भाभी, एखाद्या दिवशी विमान तुमच्या अंगनातच उतरते, पाहा. मंग मले जीप चुलीपाशी उभी करा लागन."

"येऊ द्या. चहा टाकीन."

"पथकाले का पायलटाले?"

"पायलटाला. पथकवाले बिनसाखरेचा मागतात."

तेलवात करायला दिवसातून दोनदा दिवा उतरवायचा, पुन्हा वर ओढायचा. कप्पी कुरकुरत असे.

ह्याच दिवसांत पूनमचा फोन आला. धुक्यात विमान कसं उतरवतात, मी विचारलं. तो हसला. आमच्याकडे आईला याडी म्हणतात. "याडी, सोपं आहे. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं. तिथून धावपट्टी नाहीतर तिचे दिवे दिसले, तर उतरायचं. नाही दिसले तर वर जायचं."

"आणि दिसले तर उतरायचंच?"

"दिसले तर मग भीती कशाची?"

३

दिवाळीनंतर पाऊस पडून गेला आणि सकाळी धुकं धरू लागलं. त्यात शेतांतला कचरा जाळल्याचा धूर. एका सकाळी टाकी पुसट दिसत होती. मी तसं सांगितलं, ह्यांनी रेडिओवर तसं सांगितलं, आणि विमान नीट उतरलं.

पथक गाड्यांतून निघून गेल्यावर कॅप्टन केबिनमध्ये चहाला बसले. पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ होते. कप हातात घेऊन म्हणाले, "राठोडसाहेब, दिवे बसवलेत ते बरं केलंत. फक्त जरा बाजूला बसलेत. मी ओळ धरून येत होतो, शेवटी पट्टी डावीकडे दिसली म्हणून वळलो."

"दिवे नाहीत, सर," हे म्हणाले.

"असं कसं? शेतांतून सरळ ओळ आहे."

"एक दिवा आहे. आमच्या घरचा. कार्तिकाचा."

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. बाहेर ऊन पडलं होतं. कपाशीचं शेत आमच्या कुंपणापर्यंत आलं होतं आणि बोंडं फुटून पांढरी झाली होती. "धुक्यात ऊन चमकलं असेल कापसावर," ते म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला तेव्हा अर्धा चहा तसाच होता.

ते गेल्यावर हे अंगणात आले. काठीपाशी उभे राहून शेताकडे पाहिलं, मग वळून टाकीकडे पाहिलं. ते हाताने काही मोजत असल्यासारखं मला वाटलं.

"उतरवून ठेवू का?" मी विचारलं.

"दिवसा दिव्याचं काय दिसते," ते म्हणाले. "बोललीस ना तू? राहू दे."

४

त्या संध्याकाळी तेलवात करून मी दिवा वर ओढत होते. कप्पी कुरकुरत होती. दिवा टोकाला पोचला, मी दोरी खुंटीला गुंडाळली, तरी कुरकुर थांबली नाही. शेतातून येत होती. थोडी लांबून, त्याच लयीत. मग तिच्याही पलीकडून आणखी एक. मग आणखी लांबून.

मी ह्यांना बोलावलं तोवर सगळं थांबलं होतं.

"टाकी रिकामी आहे," हे म्हणाले. "रिकामी टाकी घुमते. आवाज तिथून परत येते."

मला ते पटलं. मोटर जळली होती आणि टाकीत दोन दिवस पाणी नव्हतं, हे खरंच होतं. पण टाकी घराच्या मागे, आणि आवाज घराच्या पुढून आला होता. मी ते बोलले नाही. तुळशीपुढे बसून नाव घेत राहिले. देवाचं नाव घेताना मन दुसरीकडे कान लावून बसलं होतं, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. टाकी भरून वाहिली. संध्याकाळी मी दिवा वर ओढला आणि दोरी बांधून उभी राहिले.

शेतातून एकामागून एक कुरकुर आली. घाईने नव्हे. बाई माणूस ओढतं तशी, हातावर हात ठेवत, मध्ये दम घेत.

कुंपणापाशी जाऊन पाहिलं तर नुसती कपाशी. झाडांमधून वारासुद्धा नव्हता. वाटलं, वेचणाऱ्या बायांनी माझं पाहून आपापल्या शेताच्या धुऱ्यावर दिवे बांधले असतील. काहून नाही बांधणार? ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी दूर गेलेलं असतंच. ह्या विचाराने मला जरा बरं वाटलं. आपल्या एका दिव्यावरून दहा दिवे लागले तर पुण्यच की.

दिवे मात्र मला दिसले नाहीत.

५

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी धुकं असं होतं की तुळशीवृंदावनापासून काठीचं टोक दिसेना. वर फक्त एक पिवळा डाग होता.

"ममता, टाकी दिसते का?"

"नाही."

"कडुनिंब?"

कडुनिंब अंगणात होता. "खोड दिसतं."

मी डबा घेऊन केबिनमध्ये गेले तेव्हा ते रेडिओपुढे ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "पूनम येऊन राह्यला."

मी डबा खाली ठेवला.

रेडिओवर सगळं इंग्रजीत चालतं. मी समजलं तसं लिहिते. पूनमचा आवाज आला. बापाशी बोलत होता, पण बाप म्हणून नव्हे. विमानाचा नंबर सांगितला, उमरखेडच्या बाजूने खाली येतोय म्हणाला, हवामान विचारलं. ह्यांनीही नंबरच घेतला. वारा नाही. टाकी दिसत नाही. धावपट्टी अर्धीही दिसत नाही. शेवटी म्हणाले, "नागपूरला जाणं बरं."

थोडा वेळ नुसती खरखर. मग पूनम म्हणाला, "कॅप्टन म्हणतात, ठरलेल्या उंचीपर्यंत येऊन पाहतो. नाही दिसलं तर वर जातो."

हा कॅप्टन नवा होता. मिशांचे गृहस्थ नव्हते.

"समजलं," हे म्हणाले. त्यांचा हात टेबलावर पालथा पडला होता. मी त्यावर हात ठेवला नाही. कामाच्या वेळी ते त्यांना आवडत नसे.

बाहेर गनीभाईंची जीप धुक्यात उभी होती. तिची घरघर ऐकू येत होती, ती मात्र दिसत नव्हती. मग दुसरी घरघर वरून आली.

"दिवे दिसले," पूनमचा आवाज. त्यात आनंद होता. "पुढे सरळ ओळ आहे. उतरतोय."

हे उठून उभे राहिले. "दिवे नाहीत. इथे दिवे नाहीत. वर जा."

उत्तर आलं नाही, पण रेडिओही बंद झाला नाही. त्याच्या आतलं सगळं ऐकू येत होतं. इंजिन, कसलीशी टिकटिक, माणसांचा श्वास. पूनमच्या बोलायच्या बटणाला काहीतरी झालं होतं. ते दाबलेलंच राहिलं होतं. ते तसं राहिलं की त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. हे बटण दाबून बोलत होते, पुन्हापुन्हा, तेच शब्द. ते केबिनच्या बाहेर जात नव्हते.

आत कॅप्टन म्हणाले, "छान ओळ आहे. शेवटी एक उंच दिवा दिसतोय, तो धर."

"हो सर." मग पूनम थांबला. मग मराठीत, आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "खाली बाया उभ्या आहेत."

"काय?"

"दिव्यांखाली, सर. प्रत्येक दिव्याखाली एक बाई उभी आहे. वर पाहतायत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी हाताने काय मोजलं होतं ते मला तेव्हा कळलं. शेतातून ओळ आली, तर ती माझ्या काठीवर येत होती. आणि माझ्या काठीच्या मागे, त्याच रेषेत, टाकी होती.

६

अंगणातून मी कशी धावले ते आठवत नाही. चपला केबिनपाशीच राहिल्या. दोरीची गाठ रोज मीच मारत होते, तरी बोटांना सापडेना. आवाज शेतावर आला होता आणि खाली येत होता. गाठ सुटली. मी दोरी सोडली नाही. दिवा आपटून विझेल, अखंड बोलले आहे, हे त्याही वेळी मनात होतं. मी हातावर हात देत तो खाली घेतला.

आणि मी पाहिलं.

धुक्यात, कुंपणाच्या पलीकडे, एक पिवळा डाग माझ्या दिव्याबरोबर खाली येत होता. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा, आणि मागे मागे, शेत जिथवर असेल तिथवर. मी हात थांबवला की ते थांबत होते. मी घेतला की घेत होते. एका आळीतल्या बाया दिवेलागणीला एका वेळी उंबऱ्यावर याव्यात, तसं. एवढं रांगेत आणि एवढं सुंदर काही मी पाहिलं नाही, हे मला सांगायला हवं, कारण ते खरं आहे.

माझा दिवा जमिनीला टेकला. मी पदराने ज्योत दाबली. तोंडाने फुंकली नाही.

सगळी ओळ विझली.

वर इंजिन एकदम ओरडलं. घरावरचे पत्रे थरथरले, कडुनिंबाची पानं अंगावर पडली, काहीतरी फार मोठं आणि काळं माझ्या डोक्यावरून वर चढून गेलं. टाकीला लागल्याचा आवाज मी ऐकायला थांबले. तो आला नाही. आवाज उंच गेला, मग बारीक झाला, नागपूरच्या बाजूला.

७

केबिनमध्ये हे काहीतरी बोलत होते. बटण सुटलं असावं, कारण त्यांना उत्तर मिळत होतं. पूनमचा आवाज मी ओळखला. मी विझलेला दिवा मांडीवर घेऊन कुंपणाकडे तोंड करून बसले होते. पदर जळाल्याचा वास येत होता.

तारेच्या पलीकडे कुणीतरी होतं. लुगड्याचा काठ दिसला, आणि दोन हात. ते माझ्यासारखेच दोरी धरून होते. तोंड धुक्यात होतं.

"बाई," तिने विचारलं. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते तसंच. "तुमचा होता का वो त्यात?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"आमाले वाटलं आमचा आला."

तिच्या मागे कुणीतरी हळू उसासा टाकला. मग त्याच्या मागे आणखी कुणी. तो उसासा शेतातून लांब लांब जात राहिला.

"उतरला नाही का?"

"नाही. वर गेला."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. त्याचंच मला आजही वाईट वाटतं. मग तिच्या हातांनी दोरी पुन्हा घट्ट धरली. "मंग पुढचं इमान कोनाचं हाये?"

तोवर गनीभाई धावत अंगणात आले होते. "भाभी, भाभी, गेलं ना वर. पोरगा सलामत आहे. तुमी कोनाशी बोलून राह्यल्या?"

मी बोट दाखवलं. गनीभाईंनी पाहिलं. ते पुढे गेले नाहीत. टोपी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले.

८

धुकं वर गेल्यावर आम्ही तिघं शेतात गेलो. कुठे काठी नव्हती, दोरी नव्हती, तेलाचा थेंब नव्हता. कपाशीवर दव होतं आणि ते कुठेही मोडलं नव्हतं. टाकीला ओरखडा नव्हता. पूनमने नागपूरहून फोन केला. बटण का अडकलं ते त्यांना सापडलं नाही म्हणाला. दिव्यांचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. फोन ठेवताना तेवढं म्हणाला, "याडी, तू तिथे कुंपणापाशी नको उभी राहत जाऊ."

पौर्णिमेला माझा दिवा लागला नाही. मोडलेलं व्रत देवाला कसं सांगायचं, हा विचार मी पुष्कळ केला. शेवटी त्याच्या बदली एक दुसरं घेतलं. आजवर ते कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांना सोडून.

सकाळी धुकं असलं आणि वरून आवाज आला, की मी कुंपणापाशी जाते. पूनमचं तेवढं ऐकलं नाही. शेताकडे तोंड करून, ऐकू जाईल असं म्हणते, "बायांनो, हा तुमचा नाही. ह्याची आई घरी वाट पाहते." मग विमान नीट उतरतं नाहीतर नीट परत जातं. दिव्यांची गोष्ट कोणत्याही वैमानिकाने पुन्हा काढलेली नाही. मला वाटे, त्या बायांना पटत असेल. ज्या वाट पाहतात त्यांना दुसरीची वाट समजतेच.

गेल्या मार्गशीर्षात असंच धुकं पडलं. टाकी दिसत नव्हती. कुठलंसं विमान होतं, त्यात कोण होतं ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं. मी हात जोडून म्हटलं, "बायांनो, हा तुमचा नाही."

तारेच्या अगदी जवळून, माझ्या तोंडासमोरून, तिने हळू विचारलं,

"तुमाले कसं ठाऊक?"

वर आवाज खाली येत होता.